सुकियाकीचे बारसे

ज्याच्या घरी मूल जन्मते त्याच्याच घरी बारसे होते, अशी आपली साधी रीत आहे. शेजारी पाळण्यात डोकावून "हे नाव आम्हांला म्हणता येत नाही, आम्ही याला बटाटा म्हणू" असे बोलला, तर त्याला कोणी घुगऱ्या देणार नाही! पण एका जगप्रसिद्ध गाण्याचे बारसे असेच झाले, आणि त्याची आजतागायत गंमत म्हणून वाहवा होते. त्या वाहवेशी माझे भांडण आहे.

१९६१ साली जपानात क्यू साकामोतो या तरुण गायकाची एक तबकडी निघाली. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. नाव 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे 'वर पाहत चालू या'. वर कशासाठी पाहायचे? तर डोळ्यांतले पाणी गालांवर ओघळू नये म्हणून. १९६० साली अमेरिकेबरोबरच्या संरक्षण कराराविरुद्ध जपानी तरुण रस्त्यावर उतरले होते. करार व्हायचा तो झालाच. त्या अपयशाची खिन्नता या शब्दांमागे आहे.

पुढे इंग्लंडातल्या पाय या ध्वनिमुद्रिका कंपनीचे प्रमुख लुई बेंजामिन यांनी हे गाणे ऐकले आणि केनी बॉल यांच्या वाद्यवृंदाकडून त्याची नुसती चाल वाजवून घेतली. मूळ नाव गिऱ्हाइकाला जड जाईल म्हणून त्यांनी तबकडीवर छापले 'सुकियाकी'. सुकियाकी म्हणजे मांसाचे पातळ काप आणि भाज्या गोडसर रश्शात शिजवून केलेला पदार्थ! गाण्यात ना मांस, ना भाजी, ना चूल. उद्या होनाजी बाळाच्या भूपाळीची तबकडी कोणी लंडनात 'थालीपीठ' म्हणून विकली, तर आपण हसू की संतापू?

साकामोतोची मूळ तबकडी अमेरिकेत आली तीही याच नावाने. जून १९६३ मध्ये ती 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिली आली आणि तीन आठवडे पहिलीच राहिली. गाणे संपूर्ण जपानी, एक शब्द इंग्रजी नाही!

यावर व्यवहारी मंडळी म्हणतात, "नाव बदलले म्हणूनच खप झाला. नावात काय आहे?" अहो, जो श्रोता न समजणाऱ्या भाषेतले अख्खे गाणे आवडीने ऐकतो, तो चार शब्दांच्या नावाला भिणार होता काय? श्रोत्याचा कान मोठा होता, कोते होते ते व्यापाऱ्याचे मन. पुढे २०१२ साली कोरियन 'गंगनम स्टाईल' त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. गंगनम हा सोल शहराचा एक भाग, हे कितीजणांना ठाऊक होते? तरी त्याला कोणी 'किमची' म्हटले नाही, आणि आपल्या गणपतीपुढची पोरेसुद्धा ते नाव बिनचूक घेत नाचली.

नाव गेले की अर्थाकडे नेणारी वाटच बुजते. १९८१ साली 'अ टेस्ट ऑफ हनी' या अमेरिकी जोडीने हे गाणे इंग्रजीत गायिले आणि ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. त्यात शब्द नवे, विषय प्रेमभंगाचा. मूळचे उरले काय, तर चाल आणि तो रस्सा!

पहिल्या क्रमांकाचे वेड आपल्यालाही आहे. रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेत कोणते गाणे कितव्या पायरीवर, यावरून घराघरांत पैजा लागल्या आहेत. पण यादी मोजते तो खप. गाणाऱ्याला काय सांगायचे होते, ते श्रोत्यापर्यंत पोचले की नाही, याचा रकाना कुठल्याच यादीत नसतो.

साकामोतो १९८५ सालच्या जपानी विमान अपघातात गेला, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी. वाचकहो, फराळाची ताटे आवरली की त्याचे हे गाणे मुलांना जरूर ऐकवा. मात्र आधी त्याचे खरे नाव सांगा, आणि तो वर का पाहतो आहे तेही सांगा.