पहारा कोठे बसवावा?

इंग्रजीत ज्यास ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात, त्या हल्ल्यास मराठीत ‘सेवा-नकार’ म्हणणे आम्हांस पसंत नाही. नकार देणाऱ्याच्या मनात नकार असावा लागतो. येथे तर सेवा देणारा संगणक सेवा देण्यास सिद्ध असतो, ग्राहकही दाराशी आलेला असतो. परंतु मधली वाट कोणा तिऱ्हाइताने भलत्याच गर्दीने भरून टाकल्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. या प्रकारास ‘घेराव’ हा शब्द अधिक जवळचा आहे. 1967 साली बंगालमधील कारखान्यांतून तो देशभर गाजला आणि मराठीनेही तो आपलासा केला. भेद इतकाच की, कारखान्यातील घेरावास चेहरे असतात, मागण्या असतात. संगणकाभोवतीच्या घेरावात जी हजारो यंत्रे उभी केलेली असतात, त्यांच्या मालकांस त्याची वार्ताही नसते. 2016 साली ‘मिराय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने घरोघरीचे पहाऱ्याचे कॅमेरेच या कामी जुंपले होते. म्हणजे चोरावर लक्ष ठेवण्यासाठी आणलेली यंत्रे चोराच्या चाकरीस लागली. प्रस्तुत लेखात आम्ही ‘सेवारोध’ हा शब्द योजला आहे.

सेवारोधापासून व्यापारी पेढ्यांचा बचाव करणारी साधने आज बाजारात पुष्कळ आहेत. विक्रेत्यांच्या पत्रकांत त्यांची तुलना बहुधा सामर्थ्यावरून केलेली असते: एका सेकंदात किती पॅकेटे तपासली जातात, किती प्रकारचे हल्ले ओळखले जातात, इत्यादी. आमच्या मते ही तुलना मुळातच चुकीच्या टोकाने सुरू होते. साधन किती बलवान आहे हा प्रश्न दुसरा. ते वाटेवर नेमके कोठे उभे आहे, हा पहिला.

कोलकात्याच्या डमडम स्थानकाचा दाखला घेऊ. येथे सियालदहच्या लोकल गाड्या आणि मेट्रो यांची गाठ पडते. समजा, ज्यांना प्रवास मुळीच करावयाचा नाही अशा काही हजार माणसांनी मेट्रोकडे जाणारा जिना व्यापून टाकला. वरच्या फाटकाशी तिकीट तपासणारे कितीही चाणाक्ष असोत, खरा प्रवासी त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. गर्दी निवडावयाची तर ती जिन्याच्या तोंडाशी, किंबहुना रस्त्यावरच निवडली पाहिजे.

आता तेथून जवळच, विमानतळाच्या परिसरात, हवाई मालाची कागदपत्रे करणारी एखादी पेढी कल्पनेत आणावी. तिची इंटरनेटची वाहिनी सेकंदाला 200 मेगाबिट वाहून नेणारी आहे. मालकाने मोठा खर्च करून कार्यालयात सेवारोध-निवारक यंत्र बसविले. उद्या 2 गिगाबिटांचा लोंढा आला, तर वाहिनीत तिच्या सामर्थ्याच्या दहापट गर्दी होईल आणि यंत्र टोकाशी स्वस्थ बसून राहील. बरे, 2 गिगाबिट म्हणजे या व्यवहारात किरकोळ रक्कम झाली. जुलै 2016 मध्ये मुंबईतील लहान इंटरनेट पुरवठादारांवर जो हल्ला झाला आणि ज्याची फिर्याद पोलिसांत नोंदविली गेली, त्याचा लोंढा त्या वेळच्या वृत्तांनुसार 200 गिगाबिटांच्या घरात होता. आमच्या कल्पनेतील पेढीच्या वाहिनीच्या तो हजारपट होतो. शिवाय तेथे पेढ्यांचे पुरवठादारच कोंडीत सापडले होते. असे हल्ले भाड्यानेही मिळतात. डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने हा धंदा करणारी पंधरा संकेतस्थळे जप्त केली, तरी धंदा बुडाला नाही.

मग दारातले यंत्र निरुपयोगीच का? तसे नव्हे. सर्वच हल्ले वाट भरून टाकणारे नसतात. सप्टेंबर 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या पुरवठादारावर जो हल्ला झाला, त्यात संभाषणाची सुरुवात करून ते अर्धवट सोडून देणाऱ्या पॅकेटांचा मारा होता. प्रत्येक अर्धवट संभाषणासाठी संगणक आपल्या स्मृतीत जागा राखून ठेवी, आणि जागा संपली की खऱ्या ग्राहकास परतवी. त्यावर ‘सिन कुकी’ नावाची जी युक्ती निघाली ती मोठी मार्मिक आहे: संगणकाने काहीच लक्षात ठेवावयाचे नाही, खूण उत्तरातच गुंफून पाठवावयाची, ती घेऊन जो परत येईल तोच खरा. अशा हल्ल्यांस दारातला पहारेकरी पुरेसा पडतो. मात्र साधी फायरवॉल त्या जागी ठेवून निर्धास्त राहू नये. तीही प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवते आणि तिची नोंदवही भरली की सर्वांआधी तीच कोलमडते.

वाटेवर आणखी वर गेल्यास पुरवठादार लागतो. त्याच्याजवळचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पेढीच्या पत्त्यावर येणारी सारी पॅकेटे शून्यात टाकणे. त्यास ‘ब्लॅकहोल’ म्हणतात. याने शेजाऱ्यांच्या वाहिन्या वाचतात, परंतु हल्लेखोरास जे हवे होते ते पुरवठादार स्वहस्ते पूर्ण करून देतो. करारपत्रात ‘संरक्षण’ हा मोघम शब्द असेल, तर त्याचा अर्थ एवढाच आहे काय, हे सहीपूर्वी विचारावे. खरा उपाय शुद्धीकरण केंद्राचा. तेथे प्रवाह वळवून गाळला जातो व स्वच्छ भाग पेढीकडे धाडला जातो. 28 फेब्रुवारी 2018 रोजी ‘गिटहब’वर 1.35 टेराबिटांचा लोंढा आला, तेव्हा त्यांनी आपला प्रवाह काही मिनिटांत ‘अकामाय’कडे वळविला आणि दहा मिनिटांच्या आत सेवा पूर्ववत होऊ लागली.

तिसरा मार्ग जगभर पसरलेल्या सेवांचा. त्यांत एकच पत्ता अनेक शहरांतून जाहीर केलेला असल्याने गर्दी ज्या त्या प्रदेशात आपोआप विभागली जाते. संकेतस्थळासाठी हा उत्तम. लहान पेढीस परवडणाराही. परंतु त्याची किंमत केवळ पैशांत मोजू नये. मधला रक्षक संकेतस्थळाचा सांकेतिक मजकूर उलगडूनच तपासतो. म्हणजे ग्राहकांची पत्रे त्याच्या हातून जातात. आणि रक्षक स्वतः आजारी पडला तर? 18 नोव्हेंबर 2025 रोजी ‘क्लाउडफ्लेअर’ची सेवा काही तास विस्कळीत झाली. कोणताही हल्ला झाला नव्हता. त्यांच्याच यंत्रणेतील एक नोंदपत्र अपेक्षेपेक्षा मोठे झाले होते. असंख्य पेढ्यांची दारे त्या दिवशी रक्षकानेच बंद केली.

बँका व मोठी रुग्णालये यांनी दारातले यंत्र आणि वरचे शुद्धीकरण अशी जोड ठेवावी. आपल्या दाराची किल्ली आपल्या हाती असावी हा त्यांचा आग्रह रास्त आहे. पेढीने मात्र संकेतस्थळ पसरलेल्या सेवेमागे न्यावे, वाहिनीसाठी पुरवठादाराशी शुद्धीकरणाचा करार करावा, आणि यंत्राचा विचार त्यानंतर, पैसे उरल्यास. प्रत्यक्षात क्रम उलटा दिसतो, कारण यंत्र डोळ्यांना दिसते आणि करारपत्र कपाटात पडून राहते.

या साऱ्याच्या मुळाशी खोट्या पत्त्याचा प्रश्न आहे. ‘गिटहब’च्या प्रसंगी हल्लेखोरांनी इतरांच्या उघड्या संगणकांस लहानसे प्रश्न धाडले, परंतीचा पत्ता मात्र ‘गिटहब’चा लिहिला, त्या पद्धतीत उत्तर प्रश्नाच्या 50,000 पटींपर्यंत फुगते. आपल्या जाळ्यातून खोट्या पत्त्याचे पॅकेट बाहेर सोडू नये, ही शिफारस मे 2000 मध्येच लेखी झाली आहे. ती अद्याप सर्वत्र पाळली जात नाही, याचे कारण तांत्रिक नाही. चाळण बसविण्याचा खर्च एकास आणि लाभ दुसऱ्यास, असा हा व्यवहार आहे. ग्राहकांनीच पुरवठादारास हा प्रश्न विचारू लागावे, असे आम्हांस वाटते. दहा पेढ्यांनी विचारला तर अकराव्या वेळी उत्तर तयार असेल.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 43 मध्ये प्रवेश रोखण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम 66 अन्वये ते अप्रामाणिकपणे केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. एप्रिल 2022 च्या ‘सर्ट-इन’च्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची वार्ता सहा तासांच्या आत कळवावी लागते व यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात.

उरल्या दोन बारीक गोष्टी. संकेतस्थळ रक्षकामागे नेल्यावर संगणकाचा जुना पत्ता तसाच ठेवू नये. तो जुन्या नोंदींत सापडतो आणि हल्लेखोर रक्षकास वळसा घालून थेट तेथे येतो. पत्ता बदलून, केवळ रक्षकाकडून आलेली पॅकेटेच स्वीकारावीत. आणि पुरवठादाराचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून भिंतीस लावावा. पेढीचा दूरध्वनी त्याच इंटरनेट वाहिनीवर चालत असेल, तर हल्ल्याच्या वेळी तोही मुका होईल; तेव्हा जवळ एक निराळा मोबाइल हवा.