कर्जाची गोष्ट कोठे हरवली?

दक्षिण कोरियातील ‘स्क्विड गेम’ या मालिकेचे तिसरे आणि अखेरचे पर्व २७ जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाले, आणि चार वर्षे बाळगलेली एक मोठी अपेक्षा त्याबरोबर संपली. सप्टेंबर २०२१ मध्ये पहिले पर्व आले तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले होते. लेखक-दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांना दिग्दर्शनासाठी आणि नायक ली जुंग-जे यांना अभिनयासाठी अमेरिकेतील एमी पुरस्कार २०२२ मध्ये मिळाले. इंग्रजी नसलेल्या नाट्यमालिकेला हे मान त्यापूर्वी कधी लाभले नव्हते. नंतरची दोन पर्वेही कोट्यवधी लोकांनी पाहिली. धंद्याच्या दृष्टीने मालिका कोठेच कमी पडली नाही. असे असूनही पहिल्या पर्वावर मनापासून लोभ करणारा प्रेक्षक अखेरीस हिरमुसला, आणि त्याचे कारण नायकाचा मृत्यू एवढेच नाही. जो प्रश्न घेऊन ही कथा सुरू झाली, तो तिने वाटेतच टाकून दिला, हे त्याचे खरे दुःख आहे.

तो प्रश्न कर्जाचा होता. कर्जात बुडालेली ४५६ माणसे एका निर्जन बेटावर आणली जातात आणि त्यांना लहानपणीचे खेळ खेळावयास लावले जाते. माकुळाच्या आकाराचे रिंगण आखून कोरियन मुले जो खेळ खेळत, त्यावरून मालिकेचे नाव पडले. हरेल त्याला गोळी घातली जाते आणि प्रत्येक मृत्यूमागे दहा कोटी वॉन बक्षिसाच्या रकमेत जमा होतात. एकूण बक्षीस ४,५६० कोटी वॉन. त्या वेळच्या दराने सुमारे २८० कोटी रुपये. अशा कथा पूर्वीही झाल्या होत्या. या कथेचे वेगळेपण दुसऱ्या भागात होते. पहिल्या संहारानंतर उरलेले २०१ जण मतदान करतात आणि एका मताच्या बहुमताने खेळ थांबवून घरी जातात. घरी काय असते? आजारी आई, थकलेली मजुरी, दारात उभा असलेला सावकार. मग त्यांतील १८७ जण आपण होऊन मरणाच्या दारात परत येतात.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात करार हा दोन स्वतंत्र व्यक्तींनी राजीखुशीने केलेला व्यवहार असतो. त्या एका भागाने या व्याख्येपुढे प्रश्नचिन्ह उभे केले. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, त्याच्या संमतीला संमती म्हणावे काय? नायक गी-हुन सावकाराच्या कागदावर स्वतःच्या रक्ताने अंगठा उठवतो, तेव्हा तोही कायद्याच्या भाषेत राजीखुशीचाच सौदा असतो. खेळाचे चालक वारंवार सांगतात की, येथे कोणावर जबरदस्ती नाही. हे विधान शब्दशः खरे आणि अर्थाने पूर्ण खोटे आहे, हे कोणतेही व्याख्यान न देता दाखविणे हे पहिल्या पर्वाचे मोठे यश होते. २०२१ च्या सुमारास कोरियन कुटुंबांच्या डोक्यावरील एकूण कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या बरोबरीला आलेले होते. त्यामुळे बेट काल्पनिक असले, तरी तेथे येणारी माणसे मात्र काल्पनिक नव्हती.

गी-हुनचे कर्जही आभाळातून पडलेले नव्हते. तो एका मोटार कारखान्यातला कामगार होता. कपातीत नोकरी गेली, संप मोडला गेला, संपात डोळ्यांदेखत एक सहकारी मारला गेला. पुढे खाद्यपदार्थांचे दुकान काढले तेही बुडाले, आणि मग घोड्यांच्या शर्यतीचा नाद लागला. ह्वांग यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे या पूर्वेतिहासामागे सांगयाँग मोटर्स या कंपनीतील संप आहे. प्योंगटेक येथील या कारखान्याने २००९ मध्ये सुमारे २,६०० जणांची कपात जाहीर केली. कामगारांनी ७७ दिवस कारखाना ताब्यात ठेवला. पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचे द्रावण ओतले आणि अखेर बळाने संप मोडून काढला. त्यानंतरच्या वर्षांत या कामगारांपैकी व त्यांच्या कुटुंबीयांपैकी अनेकांनी आत्महत्या केल्या.

मराठी वाचकाला ही हकिगत सर्वस्वी परकी नाही. गिरणगावातील १९८२ चा संप ज्यांनी पाहिला किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला, त्यांना संपानंतर घराघरांत उतरणारे दारिद्र्य समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. हीच सांगयाँग कंपनी २०११ मध्ये महिंद्र अँड महिंद्र या मुंबईच्या कंपनीने ताब्यात घेतली. २०१८ मध्ये, महिंद्रच्या मालकीच्या काळातच, उरलेल्या बडतर्फ कामगारांना परत घेण्याचा करार झाला. पुढे तोटा आवरेना, म्हणून २०२० मध्ये महिंद्रने आणखी भांडवल घालण्याचे नाकारले, कंपनी पुन्हा न्यायालयाच्या आश्रयाला गेली आणि २०२२ मध्ये दुसऱ्या कोरियन समूहाकडे गेली. गी-हुनच्या कारखान्याच्या हिशेबवह्या काही वर्षे मुंबईतही वाचल्या जात होत्या.

आता पुढच्या दोन पर्वांकडे वळावे. खेळ कायमचा बंद पाडण्याचा निश्चय करून गी-हुन बेटावर परततो. प्रत्येक खेळानंतर मतदान घेण्याची नवी योजना येथे आहे, आणि तिच्यात मोठी शक्यता होती. बहुमत आपल्याच विनाशाला कौल का देते, हा आजच्या जगातला जिवंत प्रश्न आहे. परंतु लेखकाने उत्तर फार लवकर आणि फार सोपे देऊन टाकले: माणसे लोभी असतात. खेळ चालू ठेवा म्हणणारे बहुतेक जण आरडाओरडा करणारे, क्रूर आणि उथळ दाखविले आहेत. त्यांच्या कर्जाचा आकडा एका वाक्यात कळतो. ते कर्ज कसे झाले, हे क्वचितच कळते. कर्करोगाने आजारी असलेल्या मुलीचा बाप, असा एखादाच अपवाद. पहिल्या पर्वात कॅमेरा कर्जदाराच्या घरी गेला होता. आता तो बेटावरून हलावयासच तयार नाही. हलतो तेव्हा एका पोलीस अधिकाऱ्याबरोबर समुद्रात भटकतो, आणि दोन पर्वे बेट शोधणारा तो अधिकारी तेथे पोचतो तेव्हा सारे आटोपलेले असते.

अखेर तर याहून सूचक आहे. खेळ चालू असतानाच एका स्पर्धक तरुणीला मूल होते, आईच्या मृत्यूनंतर ते मूलच स्पर्धक ठरते, आणि गी-हुन त्याला वाचविण्यासाठी उंच मनोऱ्यावरून स्वतःला झोकून देतो. सारे बक्षीस त्या अर्भकाला मिळते. हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो, हे मान्य करावयास हवे. ली जुंग-जे यांच्या अभिनयाचेही ते श्रेय आहे. पण त्या अश्रूंमागचा हिशेब पाहावा. कर्जदारांच्या या कथेत विजयी कोण ठरते? जिच्या नावावर एक पैचेही कर्ज नाही, असा एकुलता एक जीव. निष्पाप तेवढा वाचवावा, बाकीच्यांनी आपल्या कर्माची फळे भोगावीत, असाच याचा अर्थ होतो. सावकारांचे नीतिशास्त्र याहून निराळे नसते. कर्ज हे कर्जदाराच्या चारित्र्यातील वैगुण्य आहे, हा जो समज पहिल्या पर्वाने खोडून काढला होता, तोच तिसऱ्या पर्वाने मागच्या दाराने आत घेतला.

यावर कोणी म्हणेल की, नाटककार हा अर्थतज्ज्ञ नव्हे. व्यवस्थेवर उपाय सुचविणे त्याचे काम नाही, आणि जग निराशाजनक असेल तर शेवट गोड का असावा? आक्षेप रास्त आहे. परंतु प्रेक्षकाने गोड शेवट मागितलेला नव्हता. पहिल्या पर्वाचा शेवटही कडूच होता. बक्षीस जिंकून घरी आलेल्या गी-हुनला आई मेलेली सापडते. तो कडवटपणा पटला, कारण त्याच्यामागे कार्यकारणभाव होता. विमा रद्द झाला होता, औषधपाणी राहून गेले होते, पैसा आला तो उशिरा. कारण दाखविणारी शोकांतिका माणसाला विचार करावयास लावते. कारण गाळले की उरतो तो केवळ रक्तपात.

हे असे का झाले, याचे एक उत्तर मालिकेच्या जमाखर्चात सापडते. ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये नेटफ्लिक्सच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दिलेल्या वृत्तानुसार पहिल्या पर्वाचा खर्च सुमारे २ कोटी १४ लाख डॉलर, आणि त्यापासून कंपनीला अपेक्षित लाभ सुमारे ९० कोटी डॉलर. या यशातून आपल्या पदरात फारसे पडले नाही, आणि पुढची पर्वे करण्यामागे पैसा हेही एक कारण आहे, हे ह्वांग यांनी २०२४ मध्ये प्रांजळपणे सांगितले. त्याआधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याच कंपनीने ४५६ खरी माणसे जमवून तसल्याच खेळांची स्पर्धा पडद्यावर आणली आणि ४५ लाख ६० हजार डॉलरचे बक्षीस लावले होते. माणसांच्या अगतिकतेचा तमाशा करणाऱ्या धनिकांवरचा उपहास हा स्वतःच विकाऊ तमाशा झाला. अखेरच्या प्रसंगात लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर तोच खेळ नव्याने सुरू झालेला दाखविला आहे. तो जगाला दिलेला इशारा की पुढील मालाची जाहिरात, असा संशय येणे स्वाभाविक आहे.

कारण प्रत्यक्षातील कोरियाची कथा एवढ्यावर थांबलेली नाही. संप मोडल्यावर सांगयाँगच्या कामगारांकडून नुकसानभरपाई म्हणून सुमारे ४७० कोटी वॉन न्यायालयाने मागितले. म्हणजे नोकरी गेली आणि वर कर्ज आले. तेव्हा २०१४ मध्ये एका वाचक स्त्रीने एका साप्ताहिकाकडे ४७ हजार वॉन पाठविले. असे एक लाख लोकांनी केले तर ते कर्ज फिटेल, असा तिचा साधा हिशेब होता. पूर्वी कोरियात पगार पिवळ्या पाकिटातून मिळत असे. म्हणून या मोहिमेला ‘पिवळे पाकीट’ हे नाव मिळाले. त्यातून संपकऱ्यांवर भरपाईचे असे डोंगर लादण्यास आळा घालणाऱ्या कायद्याची मागणी उभी राहिली. वर्षानुवर्षे ती अडविली गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोरियन संसदेने तो कायदा संमत केला. पडद्यावरील कामगार मनोऱ्यावरून कोसळला, त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

या कायद्याने कोरियातील सारी दुःखे संपतील, असे कोणी समजू नये. परंतु बेटावर गी-हुनला बंदूक आणि आत्मबलिदान यांखेरीज तिसरा मार्ग सुचत नाही. त्याच्या देशातील एका सामान्य बाईला तो एका पाकिटात सापडला. परक्यांचे कर्ज आपण वाटून घेऊ शकतो, हे तिने दाखवून दिले. मालिकेच्या तीन पर्वांत मिळून २२ भाग आहेत, आणि त्यांत या गोष्टीला कोठेही जागा मिळाली नाही.