रात्री जागलेल्याला सकाळी झोपू द्या

रब्बीच्या दिवसांत रावेर-यावलकडे जा नाहीतर शिरपूर-साक्रीकडे, रात्री अकराला शिवारात बॅटऱ्या हलताना दिसतातच. शेतीची थ्री फेज पाळीनं मिळते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी लागली की घरातला कर्ता माणूस कानाला मफलर गुंडाळतो, काठी घेतो आणि मक्याला, गव्हाला पाणी भरायला निघतो. बिबट्याची धास्ती असते, बांधावर साप असतो, मध्येच लाइट गेली तर ती येईस्तोवर मोटरीपाशी बसून राहावं लागतं. पहाटे घरी येतो तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. मग चहा, धार, डेअरी, मजुरांना फोन. ‘जरा पडतो’ म्हणाला, की घरातलंच कुणीतरी बोलतं, ‘दिवस उगवल्यावर झोपलं तर लक्ष्मी जाते.’

रात्री दहाला निजणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. रात्रभर लक्ष्मीसाठीच जागलेल्या माणसाला ते ऐकवू नये.

म्हणून हे आवाहन जागणाऱ्याला कमी आणि त्याच्या घरच्यांना जास्त आहे. झोप हवी हे त्याला कळतं. त्याला ती मिळू देणं तुमच्या हातात आहे.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी करून आलेल्या लोको पायलटला मुख्यालयात सोळा तासांची विश्रांती नियमानंच मिळते. रेल्वे त्यांच्या कुटुंबांचेही मेळावे घेते आणि घरचा माणूस नीट झोपला पाहिजे, हे बायकामुलांना सांगते. गाडीतल्या प्रवाशांचा जीव त्या झोपेवर असतो. शेतकऱ्याला असा नियम कोण लावणार? तो घरानंच लावायचा.

जीव इथेही जातोच. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात शंभर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखे मंद चालतात, असं संशोधनात दिसलंय. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मुभा 30 मिलिग्रॅमची. म्हणजे रात्रभर पाणी भरून सकाळी मोटरसायकलवर जळगावच्या बाजार समितीकडे निघालेला माणूस थेंबही न घेता त्या मर्यादेबाहेर असतो, आणि हायवेवर शेजारून ट्रक धावत असतात. त्या दिवशी माल दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाठवा, नाहीतर दुपारून जा.

आता झोपायचं कसं. घरी आल्यावर हातपाय धुवून, थोडं खाऊन ऊन वर यायच्या आत आडवं व्हावं. डोळ्यांवर उजेड पडला की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला, म्हणून खिडकीला गोणपाट लावा, डोळ्यांवर रुमाल बांधा. सकाळी पाच तास आणि संध्याकाळी निघण्याआधी दोन तास, अशी दोन तुकड्यांतली झोपही चालते. मोठ्या माणसाला दिवसाकाठी निदान सात तास लागतात, ते कसेही जुळवा. चहाचं तेवढं बघा. पाचएक तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं, त्यामुळे पहाटे चारला शेतात घेतलेला कप सकाळी घरी झोपू देत नाही. रात्री एकनंतर थर्मास बंद.

उन्हाळ्यात मात्र हे सगळं अवघड होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. झोप लागायला शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं, आणि स्लॅबचं घर तर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं. जुनं धाब्याचं घर अजून उभं असेल तर त्यातली खालची खोली जागणाऱ्याला द्या, तिथे धान्याची पोती नंतर ठेवा. नसेल तर स्लॅबला पांढरा चुना मारा, संध्याकाळी पाणी शिंपडा. आपली हवा कोरडी, म्हणून कूलर इथे छान चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा करतो. दुपारच्या झोपेला नाक मुरडणाऱ्यांना सांगा, चरकानंही उन्हाळ्यात दिवसा झोपायला मुभा दिली आहे.

काहींनी झोपेसाठी ऑटोस्विच बसवलाय. त्यामागची अडचण समजते, पण वीज येताच सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात, डीपी जळते, आणि मग सगळ्या शिवाराचं पाणी बंद. महावितरण उगाच ऑटोस्विच काढा म्हणत नाही. त्यापेक्षा बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच घरांनी पाळी लावा. एका रात्री दोघांनी सगळ्यांचं पाणी बघायचं, बाकीच्यांनी झोपायचं. ठिबक असेल तर नुसते कॉक फिरवायचे असतात, हे सहज जमतं. एकटं कुणी जायचं नाही, हाही फायदा.

आणि घरातली बाई? तो शेतात असतो तेव्हा ती फोन उशाशी घेऊन अर्धी जागीच असते. पहाटे तिचीही कामं सुरू होतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर विचारूच नका. तिच्या झोपेचा हिशोब कुणीच ठेवत नाही. आखाजीला लेक माहेरी आली की झोका, गाणी सगळं होतं, पण पहिले दोन दिवस तिला आठपर्यंत झोपू द्या. सासरी आल्यावरही आठवड्यातून एक सकाळ चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. चुलीचं-गॅसचं काम पुरुषाला जमतं.

घोरताना श्वास अडकत असेल, किंवा पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवरून मनानं झोपेची गोळी आणू नका.

शेवटी गावाला एक सांगणं. दिवसा थ्री फेज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पाही आला. आपला फीडर त्यात कधी येणार, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी मागा. तोवर रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात ग्रामसभा, सोसायटीची बैठक, सोयरिकीची बोलणी सकाळी दहाला ठेवू नका. चारला ठेवा.