होल्डवर कोणाचं गाणं वाजतंय?

फोन होल्डवर असताना वाजणारं संगीत आणि निवेदन रेकॉर्ड करून द्यायचा धंदा कमी भांडवलात होतो. पण पहिला प्रश्न हमखास येतो: "सर, सिनेमाचं गाणं टाकलं तर?"

माझं मत स्पष्ट आहे, टाकू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने त्याचे हक्क दुसऱ्याचे आहेत. नोटीस गिऱ्हाइकाला येईल आणि नाव तुमचं खराब होईल.

मग काय वाजवायचं? वावरपासून खोडाळ्यापर्यंत आपल्याकडे तारपा आहे. पण पाड्यावर जायचं, मोबाईलवर फुकटात रेकॉर्ड करायचं आणि शहरात विकायचं, हेही चालणार नाही. त्याच कायद्यात वादकालाही हक्क आहे. कोणती चाल द्यायची ते त्यालाच ठरवू द्या. रेकॉर्डिंग कुठे वाजणार ते सांगा, पैसे ठरवा, लेखी संमती घ्या.

आता कामाचं. साधा फोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज नेतो. ढोलाचा घुमारा त्यात मरतो. म्हणून हेडफोनवर खूश होऊ नका, फोन लावून ऐका. निवेदनही उपयोगाचं हवं. दाभोसा धबधब्याजवळच्या होमस्टेला "आपला कॉल महत्त्वाचा आहे" कशाला? "जेवण आदल्या दिवशी सांगा" हे जास्त कामाचं.

आणि पहिले पैसे हातात आले की वादकाचा वाटा आधी द्या. तो उधार ठेवून धंदा मोठा होत नाही.