पोलिसांना जाब विचारायचा कुठे?

डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. त्यासाठी लोअर परळचा माणूस निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडू शकत होता. तिथल्याच ना. म. जोशी मार्ग पोलिस ठाण्याबद्दल मात्र त्याच नगरसेवकाकडे जाऊन उपयोग नाही. मुंबईचे पोलिस राज्याच्या गृहखात्याचे. महापालिकेला त्यांच्या कारभारात कसलाही अधिकार नाही.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनची गोष्ट वेगळी, तिथले पोलिस शहराचे. मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वॉशिंग्टनच्या नगरमंडळाने पोलिस सुधारणेचा कायदा केला. त्यात गळा आवळून धरण्यावर बंदी होती आणि पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लोकांसमोर आणण्याची सोय होती. पण राजधानीचे कायदे अमेरिकी संसद मोडू शकते; २०२३मध्ये तिच्या दोन्ही सभागृहांनी हा कायदा रद्द करायचा ठराव केला. २५ मे रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी नकाराधिकार वापरला म्हणून कायदा वाचला. ज्या संसदेत वॉशिंग्टनकरांना मत देणारा एकही प्रतिनिधी नाही, तिने हे करावं हा उघड अन्याय आहे. पण त्यांच्याकडे मोडायला कायदा तरी होता.

आपल्याकडे सुधारणा आली ती कोर्टातून. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं, की ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं हलवू नका आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. त्याच्या शिफारशी बंधनकारक असतील. महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला २०१४मध्ये, आणि तोही पळवाटा ठेवून. ‘जनहित’ आणि ‘प्रशासकीय निकड’ म्हटलं की मुदतीआधी बदली होऊ शकते. प्राधिकरणाचा अहवालही अपवाद म्हणून, कारणं नोंदवून फेटाळायची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. बदलीची टांगती तलवार असलेला वरिष्ठ निरीक्षक कोणाचा फोन आधी उचलेल, हे सांगायला नको.

पोलिस शिपायाचीही तीच गत. बीडीडी चाळींत पोलिसांची आणि गिरणी कामगारांची कुटुंबं पिढ्यानपिढ्या शेजारी राहिली. १८ ऑगस्ट १९८२ला पोलिस आपल्या संघटनेसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा संपावरचे गिरणी कामगारही त्यांच्या बाजूने उतरले. सरकारने संघटनेची मान्यताच काढून घेतली. म्हणजे तक्रारदाराला दाद नाही आणि शिपायालाही तोंड नाही.

मोहल्ला समित्या आहेत, पण पोलिसांनीच बोलावलेल्या बैठकीत पोलिसांना जाब कोण विचारणार? माझी मागणी साधी आहे. लोअर परळ ज्यात येतं त्या महापालिकेच्या जी दक्षिण विभागाच्या प्रभाग समितीसमोर वरिष्ठ निरीक्षकाने दर तीन महिन्यांनी आलंच पाहिजे, असं कलम विधिमंडळाने पोलिस कायद्यात घालावं. आणि ते एकट्या जी दक्षिणला नको, मुंबईतल्या प्रत्येक प्रभागाला हवं. तपासात कोणी लुडबुड करू नये. पण तक्रारी किती आल्या, गुन्हे किती नोंदवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात बसवायला सांगितलेले कॅमेरे चालू आहेत की बंद, एवढं तरी नगरसेवकाला उघड बैठकीत विचारता आलं पाहिजे आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे.