टिबुकली आणि सोलर पॅनल

माझं मराठी कॉन्व्हेंटचं. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!

मागच्या पावसाळ्यात तेलगावला मामांकडे गेलो होतो. मामांच्या शेतात सोलर पंप आहे. सकाळी पॅनलखाली चिखलात एक टिबुकली बसलेली दिसली. मला वाटलं, पंख मोडला. मामा म्हणाले, "काही झालं न्हाई तिला. पाणी समजून उतरली असंल. जमिनीवरून उडता येत न्हाई, पाण्यावर पळत पळतच उडती." टोपलीत घालून माजलगावच्या धरणावर नेली. सोडल्याबरोबर अशी बुडी मारली, की पुन्हा दिसलीच नाही.

एका पक्ष्यावरून थिअरी मांडू नये, कबूल. पण पॅनलवरून येणारा प्रकाश पाण्यावरच्यासारखाच ध्रुवीकृत असतो. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की पाण्यात अंडी घालणारे कीटक पॅनलला फसतात. पांढऱ्या रेघांची जाळी आखली की बरेच कमी येतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, सोलर प्लांटमध्ये, मेलेले पाणपक्षी सापडले आहेत. वाळवंटात पाणपक्षी!

आता घराजवळचं. माजलगावच्या धरणात जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी येतं. त्याच जायकवाडीच्या नाथसागरावर तरंगता सोलर प्रकल्प ठरलाय. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, रोहित येतात तिथे. कहार समाजाच्या समितीने प्रकल्पाला विरोध केला, पण हरित लवादाने २०२४ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तो फेटाळला.

मी सोलरच्या विरोधात नाही. २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचं थर्मल बंद पडलं होतं, हे बीडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण प्रकल्प होणारच असेल तर रोहित जिथे चरतात तो उथळ काठ मोकळा सोडा, आणि पक्षी आधी मोजा, नंतरही मोजा. नुसतं नंतर मोजून काय कळणार? पांढऱ्या रेघा सेलवर न ओढता दोन सेलमधल्या फटीवर ओढल्या, तर वीजही फारशी घटणार नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, फायनल इयरला तोच तो इन्व्हर्टर किती वर्षं करणार?

मामांच्या पॅनलवर मी पांढरी टेप लावायला निघालो होतो. मामांनी हात धरला. "सबसिडीचं हाय ते. वॉरंटी जाईल. आधी तुमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर लाव."

गच्चीची किल्ली रेक्टर सरांकडे आहे. सर, अर्ज दिलाय.