पोरं मुलाखतीत अडतात, कारण आपण त्यांना कधी बोलूच दिलं नाही

आपल्या तालुक्यात दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "पोरगं हुशार आहे हो, लेखीत निघालं होतं, पण इंटरव्ह्यूत गेलं." सांगणारा कधी बाप असतो, कधी मामा, कधी क्लासवाले सर. पुढचं वाक्यही ठरलेलं. "आपल्याकडच्या पोरांचं इंग्रजी कच्चं ना!" झालं, विषय संपला, चहा आला.

मला हे पटत नाही. इंग्रजी कच्चं आहे हे खरं. पण चाकणच्या कंपनीत मशीनवर, वाळूजच्या स्टोअरमध्ये किंवा पतसंस्थेच्या काउंटरवर कोणी फाडफाड इंग्रजी मागत नाही. एमपीएससीची मुलाखत मराठीत देता येते. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. मग पोरं अडतात कुठं?

माझं मत असं, की बावीस वर्षांत आपण त्यांना मोठ्या माणसासमोर बसून बोलूच दिलेलं नाही. घरात पाहुणे आले की "आत जा". शाळेत प्रश्न विचारला की "जास्त शहाणपणा नको". कॉलेजातली तोंडी परीक्षा म्हणजे नाव सांगा, सही करा, निघा. मुलींचं तर विचारूच नका. चारचौघांत स्पष्ट बोलणाऱ्या मुलीला आपल्याकडं काय म्हणतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि मग एक दिवस टेबलामागची तीन अनोळखी माणसं म्हणतात, "स्वतःबद्दल सांगा." पोराच्या घशाला कोरड पडणार नाही तर काय होणार?

मागं एका रोजगार मेळाव्याची बातमी करायला गेलो होतो. कंपनीच्या माणसाची परवानगी काढून दोन तास मागच्या खुर्चीवर बसलो. एकामागून एक पोरं येत होती आणि जवळपास सगळी एकच उत्तर देत होती. "मायसेल्फ अमुक तमुक, आय अॅम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड पंक्च्युअल, माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट." पंचविसाव्या पोरापर्यंत तो अधिकारी मान वर करायचा थांबला होता. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. पंचवीस जणांचं एकच उत्तर असेल तर माणूस निवडायचा कशावरून?

त्यातला एक पोरगा बाहेर भेटला. बीकॉम झालेला. सहज विचारलं, घरी काय करतोस? म्हणाला, "काही नाही सर, दोन सिझन मोंढ्यात आडतीवर बसतो." काही नाही? सोयाबीनच्या सिझनला आडतीवर बसणारा पोरगा वजन बघतो, ओलावा बघतो, हमाली-तोलाई कापून पट्टी करतो, पैशावरून तावातावानं आलेल्या शेतकऱ्याला शांत करतो आणि संध्याकाळी रोकड जुळवतो. तो ज्या जागेसाठी आला होता ती स्टोअर असिस्टंटची. यापेक्षा लागू पडणारा अनुभव कोणता असतो? पण आत एक शब्द बोलला नाही. कारण मोंढ्यातलं काम म्हणजे "अनुभव" नव्हे, असं त्याला कोणीतरी शिकवून ठेवलं होतं.

मुलाखतीची खरी तयारी इथून सुरू होते. बाजारात "पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट"च्या नावाखाली जे विकलं जातं त्यात टाय बांधणं असतं, हात मिळवणं असतं आणि पन्नास प्रश्नांची छापील उत्तरं असतात. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोचणं याला माझी ना नाही. पण पाठ केलेलं उत्तर समोरच्याला दुसऱ्या वाक्याला कळतं. मी पंधरा-वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरतोय. पढवून आणलेला माणूस कसा बोलतो आणि स्वतःचं पाहिलेलं-केलेलं सांगणारा कसा बोलतो, यातला फरक झाकता येत नाही.

म्हणून पोरांना माझं सांगणं साधं आहे. एक वही घ्या. आजवर केलेली पाच कामं लिहा. शेतातलं, दुकानातलं, गणेश मंडळाचा हिशोब, आईच्या बचत गटाची नोंदवही, कॉलेजचं प्रोजेक्ट, काहीही. प्रत्येकापुढं तीन ओळी: अडचण काय होती, मी स्वतः काय केलं, त्यातून काय झालं. जिथं जमेल तिथं आकडा टाका. "मी जबाबदार आहे" या वाक्याला वजन नाही. "आमच्या गटात चौदा बायका आहेत, दोन वर्षं दर महिन्याचा हिशोब मी लिहिते, एकदा तीनशे रुपयांचा फरक आला तो मी मागच्या पावत्या काढून शोधला" या वाक्याला आहे. हेच उत्तर इंग्रजीत जमत नसेल तर सुरुवातीलाच नम्रपणे विचारा, "सर, मराठीत किंवा हिंदीत बोललं तर चालेल का?" बऱ्याच ठिकाणी चालतं.

दुसरं, स्वतःच्या कागदावर जे लिहिलंय त्याची तयारी आधी. बायोडेटात "वाचन" हा छंद लिहिला तर शेवटचं काय वाचलं, हे विचारणारच. आयटीआय फिटरनं व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला की लिस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचा ०.०१ हे सांगता आलं पाहिजे, आणि वाचूनही दाखवता आलं पाहिजे. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत तर अर्जातूनच प्रश्न निघतात: गावाचं नाव, जिल्ह्याची पिकं, पदवीचा विषय. आपल्या तालुक्यात पाऊस साधारण किती पडतो, पाणी कोणत्या धरणातून येतं, कापूस कमी होऊन सोयाबीन का वाढलं, हे ज्याला सांगता येत नाही त्यानं जगाचं राजकारण पाठ करून उपयोग नाही. आणि येत नसेल तिथं "माहीत नाही सर" म्हणा. ठोकून दिलेलं उत्तर पकडलं गेलं की आधीची खरी उत्तरंही संशयात जातात.

तिसरं, तुम्हीही प्रश्न विचारा. नोकरी मागायला गेलोय म्हणून मान खाली घालून बसायचं नसतं. नेमणूक थेट कंपनीची की कंत्राटदाराची? हातात किती येणार? सीटीसीच्या आकड्यात कंपनीनं भरायचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, त्यामुळं तो आकडा ऐकून खोली भाड्यानं घेऊ नका. शिफ्ट किती, बस आहे का, हे विचारणं उद्धटपणा नाही. आणि मुलाखतीच्या आधी "रजिस्ट्रेशन"चे किंवा "ट्रेनिंग डिपॉझिट"चे पैसे मागितले, तर तिथून उठून या.

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूबद्दलही बोललं पाहिजे. सगळा दोष पोरांच्या माथी मारणं सोयीचं आहे, पण मुलाखत घेणाऱ्यांचं काय? "वडील काय करतात?", "आडनाव कुठलं?", "गावात कोणाचे?" या प्रश्नांचा कामाशी संबंध काय? मुलीला विचारतात, "लग्न कधी करणार?" भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानं बंदी घातली, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. तरी हा प्रश्न हसत हसत विचारला जातो.

हे दुखणं जुनं आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं श्रीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या प्रकरणाचा निकाल दिला, अजय हासिया खटला म्हणून ते ओळखलं जातं. दीडशेपैकी पन्नास गुण मुलाखतीला होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठं असले. न्यायालयानं सांगितलं की अशा प्रवेशात पंधरा टक्क्यांहून जास्त गुण मुलाखतीला ठेवणं मनमानी ठरेल, आणि मुलाखती टेप कराव्यात असंही सुचवलं. पुढं १९८५ मध्ये हरियाणाच्या सेवा भरतीच्या प्रकरणातही मुलाखतीचे गुण जास्त आहेत म्हणून न्यायालयानं कान टोचले. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या. का? कारण त्या चार मिनिटांत वशिला घुसायचा.

पण मुलाखत संपलेली नाही. उलट राज्यसेवेत तिचं वजन वाढलंय. २०२५ पासूनच्या नव्या पद्धतीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ ची, यूपीएससीसारखीच. आधी ती १०० गुणांची होती. खासगी नोकरीत तर बहुतेक ठिकाणी शेवटचा शब्द मुलाखतीचाच.

इथं कोणी म्हणेल, "साहेब, सगळं आधीच ठरलेलं असतं. तयारी करून काय उपयोग?" काही ठिकाणी ठरलेलं असतं, नाकारण्यात अर्थ नाही. कोणत्या संस्थेत जागा निघण्याआधी नाव कसं पक्कं होतं, ते आपल्या गावात चहाच्या टपरीवरही माहीत असतं. अशा ठिकाणाबद्दल लिहायचं काम माझं आहे, ते मी करत राहीन. पण चाकण-रांजणगावच्या कंपनीला उद्या सकाळी मशीनवर उभा राहणारा माणूस हवा असतो. बँकेला कर्जाची फाइल नीट वाचणारी मुलगी हवी असते. तिथं आमदाराची चिठ्ठी फार पुढं जात नाही. एका ठिकाणी सेटिंग आहे म्हणून दहा ठिकाणची दारं पोरांनी स्वतःच लावून घ्यायची का?

आता कामाचं बोलतो. सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन. तिच्यावर टीका करण्यासारखं बरंच आहे, विशेषतः मुदत संपल्यावर पुढं काय, या प्रश्नावर. पण आपल्या गावातली किती तरी पोरं त्यातून पंचायत समितीत, नगरपरिषदेत, दवाखान्यात बसली. त्यांनी तिथं काय केलं हे त्यांच्याकडून वदवून घेतलं तर तीच त्यांची मुलाखतीची शिदोरी आहे. सध्या ती प्रमाणपत्राच्या कागदात घडी घालून पडली आहे.

माझी सूचना अशी. आपल्या गावात वाचनालय आहे, अभ्यासिका आहे, रविवारी दुपारी रिकामा असणारा सभागृह आहे. निवृत्त बँक मॅनेजर आहेत, आयटीआयचे निदेशक आहेत, जिनिंगवाले शेठ आहेत, सिस्टरबाई आहेत, तहसीलमधून रिटायर झालेले अव्वल कारकून आहेत. दर रविवारी दोन तास, तीन अनोळखी माणसांचं पॅनल, प्रत्येक पोराला दहा मिनिटं. पोराच्याच मोबाइलवर रेकॉर्डिंग, म्हणजे त्यानं घरी जाऊन स्वतःला पाहावं. या कामाला क्लासची फी लागत नाही.

पॅनलला नियम मात्र हवेत. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, आणि गुण लगेच कागदावर. हा माझा हट्ट नाही. श्मिट आणि हंटर या अमेरिकन संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही ठरवून घेतलेली मुलाखत मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीपेक्षा कामाचा अंदाज चांगला देते, असंच निघालं. जात, आडनाव, लग्न विचारायचं नाही. भाषण द्यायचं नाही. शेवटी एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट सांगायची, बस. आणि पॅनलवर किमान एक बाई हवीच, नाहीतर मुली दारातूनच परत जातील.

पहिल्या रविवारी पोरं अडखळतील, काही रडकुंडीला येतील. चौथ्या रविवारी तोच आडतीवरचा पोरगा तुम्हाला सोयाबीनचा ओलावा असा समजावून सांगेल की तुम्ही ऐकत बसाल. त्याच्याकडं सांगण्यासारखं होतंच. आजवर त्याला कोणी विचारलं नव्हतं.

ज्यांना महिन्यातून एक रविवार देता येईल त्यांनी मला फोन करा किंवा बसस्टँडसमोरच्या ऑफिसात या. वाचनालयाच्या अध्यक्षांशी मी बोलतो. आणि आईबापांना एवढंच सांगणं, आज संध्याकाळी घरात पाहुणे आले तर पोराला, पोरीला आत पाठवू नका. शेजारी बसवा आणि बोलू द्या.